आतला पॅड कोण पाहणार?

वाईत पसरणी घाटाच्या पायथ्याला 22 वर्षं माझं गॅरेज आहे. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या मुलांची एक व्हॅन आली. "पुढून खरखर येतेय, पण ब्रेकचे पॅड अजून निम्मे आहेत. मी बघितलेत," चालक म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. चाकाच्या फटीतून दिसणारा बाहेरचा पॅड खरंच निम्मा शिल्लक होता.

चाक उतरवलं, पॅड धरणारा कॅलिपर उघडला. आतला पॅड पार संपून नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कला नख अडकेल एवढे चर पडले होते. कॅलिपरची पिन गंजून जाम झाल्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर आला होता. हीच गाडी तासाभरापूर्वी मुलांना घेऊन पाचगणीहून उतरली होती.

नवा पॅड साधारण 10 मिलिमीटर जाड असतो. 3 वर आला की बदलायचाच. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. चर गेले पाहिजेत म्हणून लेथवर घासून डिस्क त्या जाडीखाली नेली, तर ती लवकर तापते, तडकूही शकते. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असतं. घाटात ते उकळलं की पेडल थेट खाली जातं.

फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंतच्या गाडीची दोन वर्षांनी होते, त्यापुढे दरवर्षी. त्या दिवशी ब्रेक लागतो का, एवढंच तिथे कळतं. रोज घाट उतरणाऱ्या गाडीचा पॅड मधल्या काळात कधीही संपतो.

2011 च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तिने जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक व्हॅनची पुढची चाकं उतरवून घ्यावीत. आतला पॅड, बाहेरचा पॅड आणि डिस्क मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावं, ऑइल बदलल्याची तारीखही लिहावी. ती वही पालकांना दाखवावी.

एकट्या चालकाला दोष देऊन भागणार नाही. गाडी गॅरेजला लागली की त्याचा रोज बुडतो आणि महिन्याच्या शंभर रुपयांसाठी आपण पालक त्याच्याशी घासाघीस करतो. पॅडचा खर्च फीमध्ये धरायला हवा. मोजणी रविवारी करता येईल. वाईतल्या ज्या शाळा हे सुरू करतील, त्यांच्या गाड्यांच्या मोजणीचे पैसे मी घेणार नाही.