आकड्यांवर हक्क कुणाचा?

'बी. ए. ला गेलास, म्हणजे गणितातून सुटलास!' हे वाक्य कलाशाखेतील बहुतेकांनी ऐकलेले असते. जणू गणित हा तुरुंग आणि कलाशाखा ही त्यातून झालेली सुटका! हा समज मला मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी मी एकाच संख्येला साक्षीला बोलावतो.

१२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येला तिनेच गुणले की ही मिळते. शाळेतल्या रीतीने गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरजा नवापर्यंत पायरीपायरीने चढतात आणि तशाच उतरतात. कुठे हातचा नाही. दहा एक घेतले, की मधल्या घरात दहा येतात, हातचा धरावा लागतो आणि शिडी मोडते. आता या संख्येच्या अंकांची बेरीज करा : ८१. आणि ८१ ने तिला नि:शेष भागही जातो!

अशा एकांच्या वर्गांना 'डेम्लो' आणि स्वत:च्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' म्हणजे आनंद देणाऱ्या, ही नावे दिली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. आकड्यांचा हा खेळ क्षुल्लक मानणारेही होते. निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी, १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. पण ते झाले नसते, तरी ८१ चा भाग गेलाच असता!

'याचा उपयोग काय?' असे कोणी विचारील. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांना तर हा प्रश्न रोज विचारला जातो. माझे वडील शहागंजच्या बाजारात हातगाडीवर केळी विकतात; पावणेचार डझनांचा हिशोब ते कागदाविना करतात. आकडे आमच्या घरात आहेतच, पण ते पोटासाठी राबणारे. राबणाऱ्या आकड्याला घटकाभर खेळू देण्याची चैन मात्र सुखवस्तूंसाठी राखून ठेवलेली! गरिबाने उपयोगाचेच शिकावे, हा नियम केला कुणी? कवितेचा उपयोग न विचारता आपण ती वाचतो. मग संख्येलाच ही जकात का?

कापरेकरांना लागला तो कागद, पेन्सिल आणि चिकाटी. तेवढे भांडवल आपणा सर्वांजवळ आहे. म्हणून माझी सूचना साधी आहे : आपल्या भित्तिपत्रकावर कवितेशेजारी दर महिन्याला एक संख्या लावावी. पहिली मी आणून देतो. पुढची, वाचकहो, तुम्ही शोधा.