दान नको, दाम द्या

मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरउतारांवर आदिवासी कुटुंबं थोड्याशा जमिनीत कॉफी पिकवतात. कॉफीचे दाणे वाळवून पोत्यात भरले की दलाल दारात हजर. त्याला तिथे ‘कोयोटे’ म्हणतात. काटा त्याचा, भाव त्याच्या तोंडचा. घरातल्या आजारपणासाठी आधीच उचल घेतली असेल, तर घासाघीस करायचीही सोय नाही.

१९८० नंतरच्या वर्षांत या शेतकऱ्यांनी ‘युसिरी’ ही स्वतःची संस्था उभी केली. फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे डच धर्मगुरू त्यांच्यातच राहत, कॉफी पिकवत. हॉलंडहून मदत घेऊन येणाऱ्यांना शेतकऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की देणग्या राहू द्या, आमच्या कॉफीला रास्त भाव द्या, मग आम्हाला हात पसरावे लागणार नाहीत. त्यातूनच नोव्हेंबर १९८८ मध्ये हॉलंडच्या दुकानांत ‘मॅक्स हावेलार’चा शिक्का असलेली कॉफी आली. डच अंमलाखाली पिळल्या गेलेल्या जावातल्या शेतकऱ्यांवर १८६० साली निघालेल्या कादंबरीचं हे नाव. आज जगभर ‘फेअर ट्रेड’चे जे शिक्के दिसतात, त्यांची सुरुवात इथली.

हीच मागणी त्याआधी आपल्याकडे चाकण-नाशिकच्या रस्त्यांवर घुमली होती. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात शेतकरी नेते शरद जोशींच्या मागे उभे राहिलेले शेतकरी ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत होते. दोन खंडांतल्या या माणसांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नव्हतं. दुखणं मात्र एकच होतं.

‘फेअर ट्रेड’चा कणा म्हणजे किमान भाव. बाजार कितीही कोसळला तरी खरेदीदाराने त्याखाली जायचं नाही, शिवाय वर थोडी रक्कम संस्थेला द्यायची. ती शाळेवर खर्च करायची की गोदामावर, हे शेतकऱ्यांनी सभेत ठरवायचं. १९८९ मध्ये देशोदेशींचा कॉफी-कोट्याचा करार मोडला आणि भाव घसरले. २००१ च्या सुमारास तर अरेबिका कॉफी पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली गेली. तेव्हा या शिक्क्याखाली विकणाऱ्याला १ डॉलर २१ सेंट आणि वर ५ सेंट मिळत होते. जमीन विकून मजुरीला परगावी जायचं की गावातच राहायचं, हे ठरवणारा तो फरक होता.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. प्रमाणपत्राची फी शेतकऱ्यांच्या संस्थेलाच भरावी लागते. अनेक संस्थांचा सगळा माल या भावाने उचललाच जात नाही. उरलेला नेहमीच्याच बाजारात जातो. बाजार चढला की दलाल रोख पैसे घेऊन येतो आणि सभासद संस्थेला माल द्यायचा सोडून त्याला देतात. ग्राहक शिक्क्यासाठी जे जास्त मोजतो, त्यातलं बरंचसं मधल्या मधे राहतं. किमान भावाने उत्पादन फुगतं, असं अर्थशास्त्रज्ञ सांगतात. पण यावरचा उपाय म्हणजे खरेदीदार वाढवणं. किमान भावच काढून टाकला, तर शेतकऱ्याच्या हाती काय उरतं ते पाहायला मेक्सिकोला जायला नको.

फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव लागला किलोला एक रुपया. पट्टीत आधी ५१२ रुपये लिहिले गेले, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं असं एकेक कापत गेलं आणि हाती आला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. हमालाने ओझं वाहिलं, त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. गाडीवाल्यालाही मिळाले. ज्याने चार महिने पीक राखलं, त्याच्याच मोबदल्याला मात्र कसलाही आधार नव्हता, कारण कांद्याला हमीभाव नाही. पुढे सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही अर्ज करून आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असेल तर. त्याच वर्षी डिसेंबरात शहरांत कांदा महागला, तेव्हा निर्यातबंदी लागू झाली. ग्राहकाला झळ बसली की यंत्रणा हलते. उत्पादक बुडतो तेव्हा बाजाराचा नियम पुढे केला जातो. मला हा अन्याय वाटतो, आणि स्वस्त कांदा खाणारे आपण सगळे त्यात भागीदार आहोत.

कॉफी, चॉकलेट, कापडावर आता शिक्क्यांची गर्दी झाली आहे. जंगल जपल्याचे, पाणी वाचवल्याचे. ते चांगलंच आहे, पण भाव पडला तर उत्पादकाला किमान किती मिळेल, याचं उत्तर त्यातल्या बऱ्याच शिक्क्यांकडे नसतं. दुकानदाराला, कंपनीला हा प्रश्न विचारा. आणि कांद्याबद्दल तोच प्रश्न मत मागायला दारात येणाऱ्यालाही विचारा.