झगा घाला, पण ज्योतीपासून लांब

दिवाळीच्या खरेदीला निघालात की मुलीसाठी नेटचा घेरदार झगा येतोच. शाळेच्या गॅदरिंगला परी, नाहीतर फुलपाखरू. घ्या, जरूर घ्या. लेकरांनी नटायचं नाही तर कोणी नटायचं? पण त्याआधी पॅरिसच्या एमा लिव्रीची हकिगत ऐका.

एमा बॅले नाचायची. 1858 साली, सोळा वर्षांची असताना, ती पॅरिस ऑपेरात पहिल्यांदा उभी राहिली. मारी तालिओनी ही त्या काळातली थोर नर्तकी. तिने एमाचा नाच पाहिला आणि ती तिला स्वतः शिकवू लागली. 1860 साली तिच्यासाठी ‘फुलपाखरू’ नावाचा बॅलेही बसवला. त्यात फुलपाखरू झालेल्या मुलीचे पंख मशालीने होरपळतात. योगायोग, दुसरं काय म्हणायचं!

तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे असत. झगे मलमलीसारख्या विरविरीत कापडाचे, थरावर थर. 1844 साली लंडनमध्ये क्लारा वेबस्टर ही नर्तकी अशीच भाजून दगावली होती. पुढे 1859 मध्ये फ्रान्सच्या सरकारने हुकूम काढला, की नाटकाचे कपडे औषधाच्या पाण्यात बुडवून काढा, म्हणजे ते सहज पेट घेणार नाहीत. उपाय चांगला होता. पण कापड ताठ व्हायचं, मळकट दिसायचं. मी माझ्या नेहमीच्याच झग्यात नाचणार, असं एमाने लेखी कळवलं.

15 नोव्हेंबर 1862 ला तालीम चालू होती. बसताना घेर चुरगळू नये म्हणून तिने तो उचलून झटकला. जवळच्या दिव्याची ज्योत लागली. ती घाबरून पळत सुटली. पळाल्याने आगीला वारा मिळाला आणि ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या. बंबवाल्याने तिला कांबळ्यात गुंडाळून आग विझवली, पण तोवर अंग फार भाजलं होतं.

तिला वेडी म्हणू नका. पुढे अंथरुणाला खिळलेली असतानाही, ते औषधाचे झगे कुरूप दिसतात, हेच तिचं म्हणणं होतं. आपल्या घरातलं काय वेगळं आहे? वर्षाचा सण, एकच दिवस, काही होत नाही. म्हणून मुलींना रागावण्यात अर्थ नाही. झगा राहू द्या, ज्योत हलवा.

पणत्या जिन्याच्या पायऱ्यांवर आणि दाराच्या वाटेत मांडू नका. कठड्यावर, कोनाड्यात ठेवा. समई पाटावर असली तरी तिच्या शेजारून झगा घालून गिरक्या नकोत. फुलबाजा लावायला मूल वाकतं तेव्हा ओढणी आणि घेर आधी पुढे जातो, हे पाहून ठेवा. फटाक्यांच्या वेळेला अंगाबरोबर बसणारे सुती कपडे घाला. सुतीही जळतं, पण नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, ते वाईट. फोटो काढून झाले की झगा बदला, मग अंगणात जा.

गॅदरिंगला दिवे घेऊन नाच बसवला असेल, तर बाईंना भेटा आणि बॅटरीचे दिवे मागा. मागच्या रांगेतून कोणाला फरक कळत नाही.

आणि तुम्ही स्वतः. मागच्या शेगडीवरचं पातेलं उतरवायला हात पुढे करता, तेव्हा पदर पुढच्या शेगडीवर जातो. पदर खोचा, ओढणी मागे बांधा, गाऊनची सैल बाही दुमडा. सवय लागायला चार दिवस लागतात.

तरीही कपड्याला आग लागलीच, तर पळू नका. थांबा, चेहरा हातांनी झाका, जमिनीवर पडा आणि लोळा. मुलांकडून हे खेळ म्हणून करून घ्या; घाबरलेल्या मुलाला त्या वेळी सांगून समजत नाही. दुसऱ्याचा कपडा पेटला तर जाड सतरंजी किंवा घोंगडी गुंडाळून त्याला आडवं करा. नायलॉनची चादर नको.

आग विझली की भाजलेल्या जागी नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, काही लावू नका. बांगड्या, अंगठ्या सुजेच्या आधी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. लहान मूल असेल किंवा बरंच अंग भाजलं असेल तर बाकीचं शरीर पांघरुणात ऊबदार ठेवा. स्वच्छ कोरड्या कापडाने जखम सैल झाका आणि दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108, अग्निशमन दलासाठी 101. दोन्ही नंबर फ्रिजवर लिहून ठेवा.

एक गोष्ट लोक विसरतात. एमा आगीच्या दिवशी गेली नाही. ती पुढे आठ महिने जगली आणि 26 जुलै 1863 ला रक्तात विष पसरून गेली. वय वीस. तिच्या वेळी जंतूंवर औषध नव्हतं. आज आहे, पण जखम वरून सुकल्यासारखी दिसली की आपण ड्रेसिंगला जाणं सोडतो. ताप आला, जखमेला वास आला, भोवताली लाली पसरली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.