थंडी, सेंट आणि आपलं सातवं व्रत



नाशिकची थंडी सुरू झाली की पेपरात निफाडचा पारा येऊ लागतो आणि आपल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर शाली-स्वेटर दिसू लागतात. लग्नसराईही याच दिवसांत. कपाटातून रेशमी साड्या निघतात आणि बऱ्याच जणी गोडसर, पावडरीसारख्या वासाचा सेंट लावतात. मग मागून कुजबुज ऐकू येते, "साठी उलटली, आता कशाला हे नखरे?" जिचे पती गेले आहेत, तिच्याबद्दल तर आणखी खालच्या आवाजात बोललं जातं. वर धर्माचा दाखला, श्राविकेला हे शोभत नाही म्हणून.

माझं मत सरळ आहे. सेंटचा वयाशी संबंध नाही, कुंकवाशीही नाही. ही लोकरीत आहे, तिला धर्म म्हणू नये. धर्माच्या अंगाने विचारायचंच असेल तर दोन प्रश्न विचारावेत. या वासासाठी कुणाचा जीव गेला का? आणि माझ्या वासाचा कुणाला त्रास होतो का?

उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक आठवा. त्याने भगवान महावीरांकडून बारा व्रतं घेतली. सातव्या व्रतात रोजच्या वापराच्या एकेका वस्तूची मर्यादा केली. उटण्यासाठी एकच सुगंधी चूर्ण ठेवलं, विलेपनासाठी अगरू, केशर, चंदन, आणि बाकीचं सोडलं. म्हणजे त्याने सुगंधाचा त्याग केला नाही, सुगंध मोजून ठेवला. आपल्या प्रतिक्रमणातल्या सव्वीस बोलांत उटणं, विलेपन, फूल, धूप हे सगळे बोल आहेतच. चौदा नियम धारणाऱ्या जणींनाही 'कुसुम' आणि 'विलेपन' नवीन नाहीत. पौषधात मात्र माळ-विलेपन पूर्ण बंद. साधूला त्याग आणि गृहस्थाला मर्यादा, इतकं साधं आहे.

आता थंडीत गोड वासच का? लिंबू-संत्र्यासारखे हलके वास लगेच उडून जातात. व्हॅनिला, चंदन, मस्क यांचे कण जड, ते सावकाश उडतात आणि गार हवेत अंगाजवळ रेंगाळतात. उन्हाळ्यात हाच वास डोक्यात जातो, थंडीत उबदार वाटतो. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळा-मोगरा आणि थंडीत हिना लावायची पद्धत पडली, ती याच अनुभवातून.

पण या पावडरी वासाच्या मुळाशी बहुतेकदा 'मस्क' असतं, आणि मस्क म्हणजे मूळची कस्तुरी. नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालच्या ग्रंथीतून ती मिळते. तिच्यासाठी पिढ्यानपिढ्या ही हरणं मारली गेली. आज 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या हरणाला पूर्ण संरक्षण आहे. जवादी उदमांजराच्या ग्रंथीतून येते. इथिओपियात ही जनावरं पिंजऱ्यात ठेवून ती खरवडून काढतात. वासाच्या धंद्यात नावाजलेला अंबर स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो.

मग दुकानातली 'मस्क' लिहिलेली बाटली घ्यायचीच नाही का? इथे रसायनशास्त्राने आपल्यावर उपकार केले आहेत. 1888मध्ये आल्बर्ट बाऊर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर काम करत होते. त्यांना एका पदार्थाला कस्तुरीसारखा वास आला आणि कृत्रिम मस्क तयार झालं. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन त्याआधीच, 1874मध्ये प्रयोगशाळेत बनलं होतं. आज बाजारातल्या सेंटमध्ये जवळपास सगळं मस्क असंच कृत्रिम असतं.

आपल्याला 'नैसर्गिक' शब्दाचं फार कौतुक. पण या बाबतीत कारखान्यातला वास अहिंसेच्या जास्त जवळ आहे. कुणी 'असली कस्तुरी' म्हणून अत्तराची कुपी पुढे केली तर हात मागे घ्या. ती खरी असेल तर पाप आणि गुन्हा, खोटी असेल तर फसवणूक. दोन्हीकडून तोटाच.

आणखी थोडं. फवाऱ्याच्या सेंटमध्ये अल्कोहोल असतं. ते पिण्याचं नसलं तरी ज्यांच्या मनाला खटकतं, त्यांनी तेलातलं अत्तर घ्यावं. डबीतल्या मलमासारख्या सेंटमध्ये बहुधा मधमाश्यांचं मेण असतं, तेव्हा लेबल वाचा. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला 2014पासून बंदी आहे, तशा चाचण्या केलेला माल आयात करायलाही. आपल्यासाठी ही समाधानाची गोष्ट.

दुसरा प्रश्न शेजारणीचा. स्थानकात थंडीत खिडक्या बंद असतात, आपण दाटीवाटीने बसतो. कुणाला दमा, कुणाची अर्धशिशी, कुणाचा उपवास. उपवासात वास किती तीव्र लागतो, हे वर्षीतप केलेल्या जणींना विचारा. समोर महासतीजी विराजमान असतात, ज्यांनी हे सगळं सोडलं आहे. तिथे आपल्या पदराचा दरवळ बरा दिसत नाही. लोकरी शालीत वास कित्येक दिवस राहतो, म्हणून स्थानकाची शाल वेगळी ठेवावी. सामायिकाचे कपडे आपण वेगळे ठेवतोच, त्यात ही एक भर.

शेवटी हिशेब, कारण मी कॉमर्सची. पन्नास मिलीच्या बाटलीत ढोबळमानाने पाचशे फवारे निघतात. दिवसाला दोन म्हटले तर थंडीच्या चार महिन्यांत दोनशे चाळीस. म्हणजे एक बाटली दोन हिवाळे पुरते. तरीही ड्रेसिंग टेबलावर सात बाटल्या रांगेत उभ्या असतील, तर ती गरज राहिली नाही, तो परिग्रह झाला. मनगटाला आधी थोडं खोबरेल लावून त्यावर सेंट लावला तर कोरड्या कातडीवरही वास टिकतो आणि एका फवाऱ्यात भागतं. रेशमी साडीवर आणि मोत्यांवर मात्र थेट मारू नका, डाग पडतात.

यंदा नियम धारताना मोजून लिहा: सेंट एक, फवारे दोन, स्थानकात शून्य. एवढं पाळलं की लग्नाच्या मांडवात खुशाल दरवळत फिरा. आणि शेजारची सत्तरीतली काकू किंवा पती गेलेली मैत्रीण गोड सेंट लावून आली, तर कुजबुजू नका. "छान वास येतोय हो," असं तिला मोकळेपणाने सांगा.