पाखरांचीही पैसेवारी काढा

शेतकरी बांधवांनो, पीक कापणी प्रयोग कसा होतो हे तुम्हाला सांगायला नको. ठरलेलं शेत, आखलेला तुकडा आणि मोजून काढलेलं उत्पन्न. सोयाबीन हातचं गेलं म्हणून पारावर कितीही ओरडा, पैसेवारी मोजमापावरच निघते. "पहिलेसारखे पाखरं राह्यले नाहीत" असं म्हातारी माणसं सांगतात. पण कोणते, किती, कधीपासून? कागदावर काहीच नाही!

देशपातळीवर मात्र हिशेब झाला आहे. २०२३ च्या अहवालासाठी ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी तपासल्या गेल्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांपैकी २०४ घटल्या. करडा खाटीक तर ८० टक्क्यांहून जास्त घटला. उलट, जिच्यासाठी सगळे हळहळतात ती चिमणी मोठी शहरं सोडली तर देशभरात बरीचशी टिकून आहे, असं २०२० च्या अहवालात दिसलं. अंदाज दोन्हीकडून चुकतो, तो असा.

हा खाटीक बुलबुलापेक्षा थोडा मोठा. करडी पाठ, डोळ्यांवरून काळी पट्टी, पंख काळेपांढरे. अंगावर तांबूस रंग असेल तर तो दुसरा खाटीक समजावा. बोरी-बाभळीच्या शेंड्यावर बसतो, टोळ-सरडे धरतो आणि काट्याला खोचून ठेवतो. म्हणजे आपल्याच पिकावरचे किडे खाणारा गडी. त्याला मोकळं काटेरी रान लागतं. असं रान आपल्याकडे उरलंय कुठं? ई-क्लासवर, आणि त्याला आपण 'पडीक' म्हणतो.

आज त्याच ई-क्लासवर कुठे अतिक्रमण, कुठे वृक्षलागवड, कुठे सौर प्रकल्प येतो आहे. वीज शेतकऱ्यालाच पाहिजे, त्याला ना नाही. पण कोणता तुकडा द्यायचा आणि कोणता राखायचा, हे ठरवायला गावाजवळ आकडे नकोत का?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, गुरुजींनी एवढंच करावं. ई-क्लासवर चार जागा ठरवा. दरवर्षी फेब्रुवारीत, त्याच जागी, सकाळी १५-१५ मिनिटं उभं राहून दिसतील ते सगळे पक्षी मोजा. खाटीक दिसला नाही तर शून्य लिहा. शून्याची नोंद सुटली तर पुढची तुलनाच बसत नाही, बरं का. एका वर्षाच्या आकड्यावर उड्या मारू नका, पाऊसमानाने तो खालीवर होतो. पाच-दहा वर्षांची रांग लागली की कल दिसतो. ओळख पटवायला गावातल्या फासेपारधी बांधवांना सोबत घ्या. साहेबलोकांपेक्षा त्यांना पाखरं जास्त कळतात.

नोंद कुठे करायची? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही असते. बहुतेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली. येत्या ग्रामसभेत ती बाहेर काढायला सांगा, आणि ई-क्लासच्या पानावर पक्ष्यांपुढे काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून घ्या.