डब्याआधी ताटाचा हिशोब

मागच्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. हल्ली यवतमाळच्या एका जिममध्ये वजने उचलतो. पिशवीतून प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा काढून म्हणाला, "सर, जिममधले सांगतात किलोमागे तीन ग्रॅम प्रोटीन पाहिजे. अम्मीने बचत गटातून कर्ज काढून पैसे दिले."

मला डब्यापेक्षा त्या कर्जाचीच काळजी वाटली. कागद-पेन घेऊन बसलो.

साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. वजने उचलून स्नायू कमावणाऱ्याला जास्त लागतात, साधारण 1.6 ग्रॅम. 2018 साली 49 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यापुढे सरासरी काही फायदा दिसला नाही. कोणाला थोडी जास्त लागतीलही, पण बहुतेक तज्ज्ञ सव्वादोनच्या वर जात नाहीत. पोरगा 60 किलोचा. म्हणजे 96 ग्रॅम, 180 नव्हे! सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनगटात एकूण 248 किलो उचलून रौप्य मिळवले. त्या वजनाला हा हिशोब 88 ग्रॅमचा होतो.

आता ताट. दिवसभराच्या भाकरी-पोळीचे 300 ग्रॅम पीठ धरले तर 30 ग्रॅम प्रथिने. 60 ग्रॅम तूरडाळीचे वरण 13, तीन अंडी 18, एक पेला दूध 8, मूठभर फुटाणे 10. राहिली सोयाबीनची वडी. 30 ग्रॅम कोरडी वडी भिजवून रश्श्यात टाकली की 15 ग्रॅम. झाले 94! चिकन शिजेल त्या दिवशी वडी नको. आपल्या जिल्ह्यात एवढे सोयाबीन पिकते, पण पोते बाजारात जाते आणि वडी पाकिटातून परत येते, हे मला नेहमीच खटकते.

धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. मोहर्रमच्या खिचड्यात गहू, डाळी, मटन एकाच देगीत शिजते, ते याच हिशोबात बसते. रमजानमध्ये हेच सगळे इफ्तार, रात्रीचे जेवण आणि सहेरीत वाटून घ्यायचे. किडनीचा त्रास असेल त्याने मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

पावडर म्हणजे काही विष नाही. दुधापासूनच बनते, ज्याला ताटातून पुरत नाही त्याला सोयीची. पण कर्ज काढून?

कागदाच्या कोपऱ्यात मी आणखी एक आकडा लिहिला: 50 किलोच्या बाईला रोज साधारण 42 ग्रॅम.

"अम्मी काय खाते रे?"

तो थोडा वेळ गप्प बसला. "सगळ्यांचं झाल्यावर बसते, सर. वरण उरलं तर."

डब्याचे सील फोडलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने कुरकुरत, थोडे पैसे कापून तो परत घेतला. येताना पोराने अंड्यांचा ट्रे आणला. रोज किती अंडी उकडायची, असे त्याने फोनवर विचारले. मी म्हटलं, "घरात किती माणसं आहेत, ते आधी मोज."