घागऱ्याला कायद्याचा काठ

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात कॅमसॅक नावाचे लहानसे गाव आहे. डिसेंबर २०२०मध्ये, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, तिथल्या शाळेने ‘फॉर्मल डे’ ठरवला. त्या दिवशी मुलांनी ठेवणीतले कपडे घालून यायचे. शेजारच्या कोट फर्स्ट नेशन या मूलनिवासी वस्तीतली दहा वर्षांची एक मुलगी रिबन स्कर्ट घालून गेली. पायघोळ घागरा, त्यावर रंगीत फितींच्या आडव्या ओळी. तिच्या समाजातल्या बायका विधीला, समारंभाला हाच घालतात. ठेवणीतला कपडा म्हणून यापेक्षा वेगळे काय निघणार? शाळेतल्या एका साहाय्यक कर्मचाऱ्याला मात्र तो ‘फॉर्मल’ वाटला नाही. तसे त्या मुलीला ऐकवण्यात आले, वर दुकानातून आणलेले कपडे घातलेल्या दुसऱ्या मुलीचा दाखलाही देण्यात आला.

एरवी असे प्रसंग घरातच जिरतात. इथे घरच्यांनी ती गोष्ट समाजमाध्यमांवर लिहिली आणि ठिकठिकाणच्या मूलनिवासी बायकांनी रिबन स्कर्टमधले आपले फोटो टाकायला सुरुवात केली. सुट्टी संपून ४ जानेवारी २०२१ रोजी शाळा उघडली, तेव्हा ती मुलगी एकटी गेली नाही. रिबन स्कर्ट घातलेल्या बायका आणि ढोल वाजवणारी मंडळी तिच्याबरोबर चालत गेली. शाळा चालवणाऱ्या विभागाने माफी मागितली. मग सिनेटर मेरी जेन मॅकॅलम यांनी एक विधेयक आणले. ते दोन्ही सभागृहांत संमत होऊन डिसेंबर २०२२मध्ये त्याचा कायदा झाला आणि ४ जानेवारी २०२३ हा कॅनडाचा पहिला ‘राष्ट्रीय रिबन स्कर्ट दिवस’ ठरला.

हा कायदा चहाचा कप संपायच्या आत वाचून होतो. रिबन स्कर्ट हे मूलनिवासी स्त्रियांच्या ओळखीचे आणि टिकून राहण्याचे प्रतीक आहे, असे प्रस्तावना सांगते. पुढे दरवर्षी ४ जानेवारी हा दिवस या नावाने ओळखला जाईल, असे म्हटले आहे. या दिवशी सुट्टी नाही. निधी नाही, कोणत्या खात्यावर जबाबदारी नाही, कुणाला दंड नाही. सरकारी तिजोरीतून छदामही न जाता एका समाजाचा सन्मान झाला. म्हणूनच कुणालाही शंका यावी, की संसदेला दुसरे काम नव्हते काय? शेकडो ‘दिवस’ पाळले जातात, त्यांत आणखी एकाची भर.

ही शंका कॅनडाच्या बाबतीत लागू पडत नाही, कारण तिथे पोशाखाशी वैर मुळात कायद्यानेच धरले होते. मूलनिवासींसाठीच्या १८७६च्या ‘इंडियन ॲक्ट’मध्ये पुढे एकेक दुरुस्ती होत गेली. १८८४मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या समाजांचा ‘पॉटलॅच’ हा दानसोहळा गुन्हा ठरला. १८९५मध्ये बंदीची व्याप्ती वाढवून मैदानी प्रदेशातले विधीही तिच्या कक्षेत आणले गेले. १९१४ची दुरुस्ती तर थेट अंगावरच्या कपड्यापर्यंत पोहोचली. पश्चिमेकडच्या प्रांतांतल्या मूलनिवासी माणसाने कोणत्याही नाचात, प्रदर्शनात किंवा जत्रेत पारंपरिक वेशात भाग घ्यायचा, तर सरकारी अधिकाऱ्याची परवानगी हवी. म्हणजे बाईने आजीचा पोशाख घालून जत्रेत नाचावे की नाही, हे ‘इंडियन एजंट’ ठरवणार. त्या काळात मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या खात्याची सूत्रे डंकन कॅम्बेल स्कॉट यांच्या हाती होती. गंमत म्हणजे हे गृहस्थ कॅनडातले नावाजलेले कवी होते आणि मूलनिवासी जीवनावर त्यांनी हळव्या कविता लिहिल्या आहेत. १९२१मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिलेज आयलंडवर झालेल्या पॉटलॅचवर धाड पडली, लोकांना अटक झाली, त्यांचे मुखवटे आणि विधीचे साहित्य जप्त होऊन संग्रहालयांत गेले. त्यातले काही परत मिळवायला पुढे कित्येक दशके लागली. ही बंदी कायद्याच्या पुस्तकातून गेली ती १९५१मध्ये.

गोव्यातल्या वाचकाला हे फारसे परके वाटू नये. इन्क्विझिशनच्या १७३६च्या हुकुमाने ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांचे अनेक देशी रीतिरिवाज बंद केले. त्यांत पुरुषांचे पुडवे (धोतर) आणि बायकांची चोळीही होती. सत्तेला माणसाचा मेंदू धुवायचा असला, की ती आधी त्याचे कपडे उतरवते.

कॅनडाच्या निवासी शाळांत हे काम शब्दशः झाले. दीड लाखाहून अधिक मूलनिवासी मुले या शाळांतून गेली. त्यांतली शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली, म्हणजे हा इतिहास आजच्या मध्यमवयीन माणसांच्या अंगावरचा आहे. मूल दारात आले की केस कापायचे, घरचे कपडे काढून घ्यायचे, संस्थेचे चढवायचे. फिलिस वेबस्टॅड १९७३मध्ये सहा वर्षांच्या होत्या. ब्रिटिश कोलंबियातल्या सेंट जोसेफ्स मिशन शाळेत जाताना आजीने त्यांना चमकदार नारिंगी शर्ट घेऊन दिला होता. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला आणि पुन्हा कधीच मिळाला नाही. ही आठवण त्यांनी २०१३मध्ये जाहीरपणे सांगितली आणि तिच्यातून ३० सप्टेंबरचा ‘ऑरेंज शर्ट डे’ सुरू झाला. २०२१मध्ये संसदेने कायदा करून हाच दिवस ‘सत्य आणि समेट दिन’ म्हणून केंद्र सरकारच्या सुट्ट्यांमध्ये घातला. कॅनडाच्या वर्षात मुलीच्या अंगावरच्या कपड्यावरून जन्मलेले दोन दिवस आहेत, आणि दोन्ही गोष्टी शाळेतच घडलेल्या आहेत.

विधेयक मांडणाऱ्या मॅकॅलम याही अशाच शाळेतून आलेल्या. क्री समाजातल्या, पेशाने दंतवैद्य. मॅनिटोबातल्या गाय हिल निवासी शाळेत त्यांचे बालपण गेले. त्यामुळे सभागृहात कुणी उत्साही लोकप्रतिनिधी दुसऱ्याच्या संस्कृतीचे गोडवे गात होता, असे इथे नव्हते. ज्या राज्यव्यवस्थेने कायद्याची कलमे वापरून पोशाख लाजिरवाणा ठरवला, तिने तो सन्माननीय आहे हेही कायद्याच्याच भाषेत लिहून द्यावे, ही अपेक्षा रास्त होती. शाळेच्या पत्रातली माफी शाळेपुरती राहते. कायद्यातली कबुली सरकार बदलले तरी उरते. कलम लहान असले तरी ते १९१४च्या कलमासमोर उभे आहे, आणि या लेखाच्या मते एवढ्यासाठी तरी तो कायदा व्हायलाच हवा होता.

आता ‘पारंपरिक’ या शब्दाच्या वाटेला जरा सावधपणे जायला हवे. रिबन स्कर्टवरच्या फिती युरोपीय व्यापाऱ्यांनी आणल्या. ग्रेट लेक्सच्या परिसरातल्या बायकांनी फरच्या मोबदल्यात रेशमी फिती घेतल्या, आपल्या नक्षीच्या कलेत मुरवल्या आणि त्यांतून फितीकामाची एक स्वतंत्र शैली उभी राहिली. कापड बाहेरचे, फीत बाहेरची. शिवणाऱ्या हाताने ते आपले केले. परंपरा म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू, असे मानणाऱ्यांची यामुळे पंचाईत होते. नऊवारीचे सूत कोणत्या गिरणीचे, हे विचारून कुणी तिला परकी ठरवत नाही, तसेच हे.

मूलनिवासी समाजातही या स्कर्टविषयी एकच सूर नाही. विधीच्या जागी बाईने स्कर्टच घातला पाहिजे, जीन्समध्ये आली तर तिला बाजूला काढायचे, हा दंडक काही बायकांना जाचतो. या सक्तीत आपल्या पूर्वजांपेक्षा मिशनऱ्यांच्या सभ्यतेच्या कल्पनाच अधिक आहेत, असा त्यांचा आक्षेप आहे. दुसऱ्या बाजूला, बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांसाठी निघणाऱ्या मोर्चांत हाच स्कर्ट निर्धाराने घातला जातो. मार्च २०२१मध्ये डेब हालंड अमेरिकेच्या अंतर्गत खात्याच्या मंत्री झाल्या. त्या देशातल्या या समाजाच्या पहिल्या कॅबिनेट मंत्री. त्यांनी शपथ घेतली ती रिबन स्कर्टमध्ये, आणि तो शिवणारी बाई मूळची सस्कॅचवानमधल्याच क्री समाजातली होती. एका कपड्याला इतके अर्थ चिकटलेले असताना त्याला राष्ट्रीय दर्जा देणे म्हणजे त्यातला एकच अर्थ शिक्का मारून पक्का करणे होईल, ही भीती अगदीच अनाठायी नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. असा दिवस जाहीर झाला की बाजार जागा होतो. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने मूलनिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा आहे. कॅनडात त्या तोडीचा कायदा नाही. शिवणाऱ्या बायकांना त्या दिवसाने नाव दिले, संरक्षण दिले नाही. आणि एक विसंगती. ज्या देशाची संसद एका पोशाखाचा गौरव करते, त्याच देशातल्या क्वेबेक प्रांताने २०१९मध्ये कायदा करून सरकारी शाळांतल्या शिक्षिकेला हिजाब आणि शिक्षकाला पगडी घालून वर्गात उभे राहण्यास मज्जाव केला. केंद्र वेगळे, प्रांत वेगळा, धर्म वेगळा, हे खरेच. तरीही बाईने शाळेत काय घालून यावे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

न्यूझीलंडने तर कोणताही दिवस जाहीर न करता पोशाखाचा एक प्रश्न निकालात काढला. फेब्रुवारी २०२१मध्ये माओरी पक्षाचे खासदार राविरी वाइटिटी टायऐवजी गळ्यात ‘हेइ टिकी’ हे पारंपरिक पदक घालून संसदेत आले आणि सभापतींनी त्यांना बाहेर काढले. दुसऱ्याच दिवशी टायची सक्ती उठली. प्रस्तावना नाही, गौरवाची भाषा नाही. दारावरचा अडसर तेवढा निघाला.

भारताने यातून काय घ्यावे, हा प्रश्न उरतोच, कारण कॅमसॅकसारखे प्रसंग इथे नवे नाहीत. जून २०१७मध्ये मेघालयातली एक खासी महिला जैनसेम हा तिचा पारंपरिक पोशाख नेसून दिल्लीच्या गोल्फ क्लबमध्ये जेवायला गेली. ती निमंत्रित पाहुणी होती. तिला उठून जायला सांगण्यात आले, कारण तो पोशाख मोलकरणीसारखा दिसतो! २०२१मध्ये दिल्लीतल्याच एका रेस्टॉरंटमधली कर्मचारी साडी ‘स्मार्ट कॅज्युअल’मध्ये बसत नाही, असे सांगतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. साहेब जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी दारावरचा त्याचा हुकूम पाळणारे पहारेकरी अजून कामावर आहेत.

अशा वेळी ‘राष्ट्रीय पारंपरिक वेशभूषा दिन’ हा उपाय सुचणे सोपे, पण दिवसांच्या बाबतीत आपला अनुभव उत्साह वाढवणारा नाही. १९०५च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन पाळला जातो. २०१९-२०च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि निम्म्याहून अधिक कुटुंबे ईशान्येतली. मेखेला, फनेक, पुआन विणणारे हेच हात. आता तारखांकडे पाहा. २७ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केले. ते सल्लागार मंडळ असेल, फार प्रभावीही नसेल. पण विणकरांचे प्रतिनिधी जिथे सरकारसमोर बसू शकत, अशी ती जागा होती. त्यानंतर अकराव्या दिवशी हातमाग दिनाच्या शुभेच्छा रीतसर दिल्या गेल्या.

आदिवासींच्या वाट्याला १५ नोव्हेंबरचा जनजातीय गौरव दिवस आला आहे. व्यासपीठावर पारंपरिक वेशातले नाच होतात, पाहुण्यांना शिरोभूषण घातले जाते, फोटो छापून येतात. १९१४च्या कॅनडात असा वेश करायला परवानगी लागे. इथे निमंत्रण येते. ते केव्हाही बरेच. पण तोच वेश घालून एखादी बाई सोमवारी सकाळी मुलाखतीला किंवा क्लबात जेवायला गेली, तर तिला दारात कोणती वागणूक मिळते, यावर त्या दिवसाचे मोल ठरायला हवे.

त्यासाठी नमुना परदेशातून आणायची गरज नाही. जुलै २०१४मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना वेष्टी (तमिळ धोतर) नेसल्यामुळे चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबच्या दारातून परत फिरावे लागले. तामिळनाडूच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललिता यांनी पुढच्याच महिन्यात विधानसभेत कायदा संमत करून घेतला. वेष्टी किंवा कोणताही भारतीय पारंपरिक पोशाख घातलेल्या माणसाला क्लब, संस्था आणि तत्सम ठिकाणी त्या कारणासाठी प्रवेश नाकारता येत नाही. नाकारल्यास परवाना रद्द होऊ शकतो, वर एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजार रुपयांपर्यंत दंड. अडवला गेलेला माणूस न्यायमूर्ती होता म्हणून सरकार इतक्या तातडीने हलले, हेही नमूद करायला हवे.

तरीही कलमात न्यायमूर्तींचे नाव नाही, ‘कोणताही भारतीय पारंपरिक पोशाख’ असे शब्द आहेत. जैनसेम त्यात बसतो. आदिवासी बाईचे गुडघ्यापर्यंतचे लुगडेही बसते. मात्र हा कायदा तामिळनाडूपुरता आहे. तीन वर्षांनी दिल्लीत त्या खासी महिलेला त्याचा काहीच उपयोग नव्हता. महाराष्ट्रासह इतर राज्यांच्या विधिमंडळांनी ते कलम पुढ्यात घ्यावे, त्यात शाळांचा उल्लेख नेमक्या शब्दांत घालावा आणि तक्रार कुठे करायची, किती दिवसांत निकाली काढायची, हेही लिहावे. दिवस कोणता पाळायचा, यावर त्यानंतर सावकाश चर्चा होऊ शकेल.